मॅलिन हेडला मी उलटा पोचलो

२०२१ च्या ऑगस्टमधली एक सकाळ. आयर्लंडच्या पश्चिमेला, स्लायगोजवळ समुद्रकाठी एक कॅम्पसाइट आहे. तिथे आमच्या भाड्याच्या कॅम्पर व्हॅनशेजारी मी गुडघे टेकून बसलो होतो. हातात संडासाचा डबा होता आणि मला उठता येत नव्हतं.

डब्याचा खुलासा आधी करतो. अशा व्हॅनमध्ये पलंग, दोन बर्नरची शेगडी, बेसिन आणि कपाटाएवढा संडास असतो. त्या संडासाखाली प्लास्टिकचा एक डबा असतो. बाहेरच्या बाजूचं छोटं दार उघडून तो ओढून काढायचा, ठरलेल्या जागी नेऊन रिकामा करायचा, धुवायचा आणि निळं औषध घालून परत बसवायचा. हे काम मी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं होतं. रोज ते उरकून आलो की सीमेवरून सुट्टीवर आलेल्या जवानासारखा चेहरा करून चहाची वाट बघत बसायचो. बायको एकदा म्हणालीसुद्धा, "अरे, डबाच रिकामा केलास ना? किल्ला नाही घेतलास." मी ते मनावर घेतलं नव्हतं.

त्या सकाळी डबा जरा जास्तच भरला होता. मी वाकलो, झटक्यात ओढला आणि कमरेत कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली. पुढे होता येईना, मागे होता येईना. डबा अर्धा आत, अर्धा बाहेर. सोडला तर सांडणार, धरला तर मी असाच राहणार.

कॅम्पसाइटची मालकीण पासष्टीची, रबरी बूट घालून कुत्र्याला फिरवत होती. माझ्यापाशी थांबून तिने विचारलं, "यू ग्रँड देअर?"

"ग्रँड," मी म्हणालो.

इथे सतरा वर्षं काढल्यावर हा शब्द माझ्याही तोंडात बसलाय. बरं आहे, चालतंय, अजून मेलो नाही, एवढं सगळं त्यात मावतं. पुण्याच्या माणसाला मदत मागायची लाज आणि आयरिश माणसाला तक्रार करायची लाज, त्यामुळे आमचं या एका शब्दावर छान जमतं. बाई पुढे गेल्या. दहा मिनिटांनी फेरी संपवून आल्या तेव्हा मी होतो तिथेच होतो.

"स्टिल ग्रँड?"

"येस, थँक यू."

तिसऱ्या फेरीला कुत्रं डब्याजवळ आलं, त्याने वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकलं. मग बाईंनीही लाजबीज सोडली आणि सरळ विचारलं, की तुझी बायको कुठे आहे? मी हनुवटीने समुद्राकडे खूण केली, कारण मान वळत नव्हती.

बायको वाळूवरून अनवाणी चालत आली, चपला हातात. ती आमच्या गावच्या, नासच्या हॉस्पिटलमध्ये लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी यांच्याकडे ती वीस वर्षं ज्या निर्विकार नजरेने बघत आली आहे, त्याच नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"पायाची बोटं हलव."

हलवली.

"मुंग्या येतायत?"

"नाही. पण कळ..."

"कळ येणारच. आता डबा सोड."

"सांडेल गं."

"मी धरलाय. सोड."

मी सोडला. तिने तो एका हाताने बाहेर ओढला, नेला, रिकामा केला, धुतला, औषध घातलं आणि परत बसवला. चार मिनिटं. मला रोज पंचवीस लागायची.

कमरेला टॉवेल बांधून, एका बाजूला मालकीण आणि एका बाजूला बायको अशा थाटात माझी मिरवणूक व्हॅनमध्ये गेली. डॉक्टर फोनवरच भेटले, तेव्हा सगळे डॉक्टर फोनवरच भेटत होते. त्यांनी दहा प्रश्न विचारून स्नायू आखडल्याचं सांगितलं. गोळ्या घ्या, शेक द्या, थोडं थोडं चाला, आणि आठवडाभर गाडी चालवू नका. शेवटचं वाक्य ऐकून मला कमरेपेक्षा जास्त दुखलं.

कारण ही सहल माझी होती.

दक्षिणेला किन्सेलपासून निघायचं आणि अटलांटिकचा किनारा धरून, एकही फाटा न सोडता, उत्तरेच्या टोकाला मॅलिन हेडला पोचायचं. चोवीस दिवस. त्यातला हा एकविसावा. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे चोवीस दिवसांचा तक्ता केला होता. निळा रंग गाडी चालवण्याचा, हिरवा निसर्ग बघण्याचा, पिवळा जेवणाचा. एका रकान्यात 'उत्स्फूर्त' असंही लिहिलेलं होतं, बुधवारी आणि शनिवारी, दुपारी तीन ते चार. आमची मुलगी कॉर्कला कॉलेजात आहे. आमचं मराठी तिला सगळं कळतं आणि उत्तर मात्र अस्सल आयरिश हेलात येतं. तिला मी तक्ता पाठवला तर तिचा फोन आला, "बाबा, इज धिस अ हॉलिडे ऑर अ रिलीज प्लॅन?"

आणि चालवणार अर्थातच मी. याचं कारण आमच्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर इथली ड्रायव्हिंग टेस्ट मी दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा पास झालो. बायको पहिल्याच खेपेला पास झाली. माझ्या दोन्ही वेळचे परीक्षक खडूस होते आणि तिला चांगला मिळाला, असं मी लोकांना सांगत आलो. तेव्हापासून ती रोज कामावर गाडी घेऊन जायची, पण लांबचा प्रवास म्हटला की स्टिअरिंगवर मी. ती शेजारी बसून मला संत्र्याच्या फोडी द्यायची.

तीन आठवडे मी सात मीटरची ती व्हॅन हाकत होतो आणि एक गोष्ट तिच्यापासून लपवत होतो. मला ती मागे घेता येत नव्हती. पुढे कितीही जाईन, पण रिव्हर्स टाकला की हातांना घाम फुटायचा. म्हणून मी अशाच ठिकाणी थांबायचो जिथून सरळ पुढे निघता येईल. या नादात केरीतला एक धबधबा, क्लेअरमधली एक गढी आणि निदान पाच चांगली उपाहारगृहं मी "फारसं काही नाही तिथे" म्हणून सोडून दिली होती. एकदा अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला. मी हात जोडले. शेतकऱ्याने माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे पाहिलं, आणि मागे ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्यानेच मुकाट्याने फर्लांगभर मागे नेला. जाताना मी बायकोला म्हणालो, "नम्रतेने जगात सगळं साधतं." ती खिडकीबाहेर बघत होती.

तर त्या सकाळी कॅम्पसाइटवर मी पलंगावर आडवा पडून म्हणालो, "संपलं. व्हॅनच्या मालकाला फोन करतो, तो येऊन गाडी नेईल. आपण ट्रेनने नासला जाऊ."

बायको शेगडीपाशी उभी राहून माझ्या कमरेसाठी पाणी तापवत होती. म्हणाली, "किल्ली कुठे आहे?"

"कशाला?"

"विम्यात माझं नाव आहे ना? मालकानेच घालायला लावलं होतं."

"अगं, ही काही आपली छोटी गाडी नाही. सात मीटर आहे. मागचा भाग वळणावर बाहेर फेकला जातो. क्लच कडक आहे. तिसरा गिअर जरा..."

"किल्ली," ती म्हणाली.

पँटच्या खिशातली किल्ली काढायला मला मदत लागली. ती तिनेच काढली.

पुढची अडचण माझ्या बसण्याची होती. पुढच्या सीटवर मला दोन मिनिटंही बसवेना. मागे जेवणाच्या टेबलाजवळ समोरासमोर दोन बाकं होती, दोन्हींना पट्टे होते. पुढे तोंड करून बसायचं बाक पाठीला टोचत होतं. उलट्या तोंडाच्या बाकाची पाठ मात्र सरळ आणि उंच होती. तिथे गरम पाण्याची पिशवी आणि दोन उशा लावून बायकोने मला पट्टा बांधला. आता माझी पाठ तिच्याकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. तीन आठवडे उत्तरेच्या ज्या डॉनेगल परगण्याची मी वाट बघत होतो, तो आता मला दिसणार होता तो मागे पडल्यावर.

"आरसे नीट लाव," मी ओरडलो.

"लावले."

"हँडब्रेक..."

"एक सांगू? तू आता काही बोलू नकोस. दुखलं तर सांग. बाकी काही नको."

व्हॅन निघाली. तिसरा गिअर माझ्या हाती रोज खाटकन ओरडायचा. आज आवाजच नाही. मला वाटलं ती दुसऱ्यातच चालवतेय. पण बेनबुल्बनचा सपाट माथ्याचा डोंगर काचेतून झपाझप लहान होत होता, म्हणजे वेग होता. उलटं बसलेल्या माणसाला कुठलीच गोष्ट येताना दिसत नाही. वळण आलं की आधी अंग एका बाजूला कलतं, मग रस्ता दिसतो. पुढे बायको "अय्या, बघ ना!" म्हणायची आणि मी मान ताणून बसायचो. अर्ध्या मिनिटाने ती गोष्ट माझ्या काचेत यायची, तीही पाठमोरी. एका गावात बाजार होता, मला फक्त तंबूंच्या मागच्या बाजू दिसल्या. एका कड्यावरून समुद्र दिसला म्हणे, मला बस स्टॉप दिसला.

डॉनेगल गावात औषधांच्या दुकानासमोर तिने थांबून गोळ्या घेतल्या. थांबली म्हणजे कशी, तर दोन मोटारींच्या मधल्या जागेत ती सात मीटरची व्हॅन मागे मागे घेत बसवून. मी काचेतून मागच्या मोटारीचा नंबर वाचत होतो, तो मोठा मोठा होत गेला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा व्हॅन थांबली होती. ती खाली उतरून दुकानात गेलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी आर्डराच्या अलीकडे ते घडलं. डोंगरातला रस्ता, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, मध्ये गवताची पट्टी. दोन्ही बाजूंना फुशियाची लाल फुलं लगडलेली कुंपणं, व्हॅनच्या अंगाला घासत होती. व्हॅन थांबली. इंजिन सुरूच.

"काय झालं?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर. आणि त्याच्यामागे तीन गाड्या. आपल्यालाच मागे जावं लागेल."

माझ्या तळहातांना घाम आला. "तू हात जोड."

"काय?"

"काही नाही. किती मागे जायचंय?"

"मघाशी एका फाटकापाशी रुंद जागा होती ना, तिथपर्यंत."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या गाडीत मागचा रस्ता सरळ दिसणारा माणूस मीच आहे. बावीस दिवसांत पहिल्यांदा माझी खरोखर गरज होती. मी ताठ बसलो, कळ आली तरी बसलो.

"ये," मी आवाज दिला. "ये, ये, ये. आता थोडं डावीकडे."

व्हॅन कुंपणात घुसली. फुलं खिडकीतून आत आली.

"डावीकडे म्हटलं मी!"

"डावीकडेच घेतली!"

"अगं, या डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

मी उलटा बसलोय हे मी विसरलो होतो. "माझ्या," मी म्हणालो. "म्हणजे तुझ्या उजवीकडे. म्हणजे गाडीचा मागचा भाग माझ्या डावीकडे जायला हवा, म्हणजे तू स्टिअरिंग..." इथे मी मनात चित्र काढू लागलो आणि चित्रात मला मीच सापडेना. "थांब, उजवीकडे. नाही, तुझ्या डावीकडेच."

ट्रॅक्टरची धडधड तेवढी ऐकू येत होती. मग बायको अगदी शांतपणे म्हणाली, "तू डोळे मीट आणि गप्प बस."

मी गप्प बसलो, पण डोळे मिटले नाहीत. व्हॅन एकदा पुढे होऊन सरळ झाली आणि मग मागे निघाली. मला वाटलं होतं अडखळत जाईल. ती दोरी ओढल्यासारखी आली. वळण होतं, त्या वळणावरूनही आली. दोन्ही कुंपणं माझ्या दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावरून सरकत होती. फाटक आलं, मागचा भाग त्या मोकळ्या जागेत अलगद शिरला आणि थांबला. फाटकावरून एक गाय माझ्याकडे बघत होती, काचेपासून हातभर अंतरावर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

ट्रॅक्टर बाजूने गेला. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. इकडच्या खेड्यांत रस्त्यावर तोच रामराम. तीन आठवडे अशी बोटं मी मोजत होतो आणि ती माझ्या ड्रायव्हिंगला मिळालेली पावती समजत होतो. म्हाताऱ्याने पुढे बायकोकडे बघून बोट उचललं, मग माझ्या खिडकीपाशी येईतो खाली ठेवलं.

"कुठे शिकलीस हे?" गाडी सुरू झाल्यावर मी विचारलं.

"हॉस्पिटलचं पार्किंग," ती म्हणाली. "सकाळी पावणेसातनंतर गेलं तर उरतात त्या जागा अशाच असतात. बारा वर्षं रोज."

त्या संध्याकाळी आम्ही एका खाडीच्या काठी थांबलो. ऊन अजून लख्ख होतं. तिने कुकरला खिचडी लावली आणि मी दाराशी उभा राहून, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, व्हॅनभोवती फेऱ्या मारू लागलो. चौथ्या फेरीला मला वाटलं, आता काहीतरी मोठ्या मनाने बोलावं.

"तुला त्रासच झाला," मी म्हणालो. "आणि ही सहल खरं तर तुझ्यासाठी होती."

ती खुर्ची टाकून बसली होती. "माझ्यासाठी?"

"मग? दीड वर्ष तू काय काय सोसलंस लॅबमध्ये. रोजचे ते नमुने, ते मास्क. तूच म्हणाली होतीस एप्रिलमध्ये, की मला या सगळ्यातून बाहेर पडायचंय. तेव्हाच मी ठरवलं."

ती हसू लागली. आधी बारीक, मग डोळे पुसावे लागतील एवढी.

"अरे, या सगळ्यातून म्हणजे कामातून. घरातून नव्हे. घरी मी असते कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला घरी बसायचं होतं. चार आठवडे. नुसतं. दार लावून. वर्षभर घरात कोण होतं? तू होतास. बाहेर पडायचं होतं तुला."

कुकरची शिट्टी झाली. शेजारच्या तंबूतलं जोडपं दचकून बाहेर आलं. बायकोने त्यांना हात हलवून "ग्रँड, ग्रँड" केलं आणि गॅस बारीक करून आली.

मी फेरी थांबवली. मला घर दिसू लागलं. पहिल्या लॉकडाऊनपासून जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची एक खुर्ची होती, सुट्टीच्या दिवशी ती तिथे चहा घेऊन बसायची. प्रकाश चांगला म्हणून तिथे मी दुसरा मॉनिटर मांडला. ती पहाटे साडेसहाला निघायची, दुपारी चारला यायची, आली की सरळ बाथरूममध्ये. आंघोळ करून बाहेर आली की मी कॉलवर असायचो आणि ओठांवर बोट ठेवून तिला खूण करायचो. ती स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवायची, ताट-वाटीचा आवाज न करता. आणि संध्याकाळी मी तिला सांगायचो, की घरात कोंडून माणसाचं काय होतं ते तुला नाही कळायचं. हे मी मित्रांना सांगितलं होतं, आईला पुण्याला फोनवर सांगितलं होतं, आणि एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये भावुक होऊनही सांगितलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू तक्ता घेऊन आलास. रंगीत. तुझा चेहरा बघून नाही म्हणवेना. वाटलं, तिथे तरी शांत बसता येईल. तर तू दर वीस मिनिटांनी हिरव्यातून निळ्यात."

"एवढी वाईट झाली?"

तिने विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नाही, रिपोर्ट लिहून लिहून ती सवय गेली आहे. "पहिले वीस दिवस ठीकच. पण कालपासून मजा येतेय," ती म्हणाली. "गाडी छान आहे रे."

पुढचे दोन दिवस तक्ता उघडला नाही. ती हवं तिथे थांबली. एका ठिकाणी चक्क अडीच तास, नुसती चाकाला टेकून बसली आणि मेंढ्यांकडे बघत राहिली. माझ्या ओठांवर तीनदा 'निघूया' आलं आणि तीनदा मी पाण्याचा घोट घेतला. गंमत म्हणजे हळूहळू मला मागे बघत जाण्याचीही सवय झाली. पुढे बघताना मी सदैव पुढच्या फाट्याची चिंता करायचो. इथे जे होतं ते होऊन गेलेलं होतं, त्याबद्दल मला काहीच करायचं नव्हतं. हे काही मोठं ज्ञान नाही. गोळ्यांचाही भाग असेल.

मॅलिन हेडला आम्ही चोविसाव्या दिवशी दुपारी पोचलो. म्हणजे ती आधी पोचली, मग सात मीटरच्या हिशेबाने मी. वारा असा, की दार उघडायला दोघांनी ढकलावं लागलं. टोकावर जुन्या बुरुजापर्यंत चढ होता. मी दहा पावलं चढलो, कमरेने नकार दिला. ज्या टोकासाठी मी महिनाभर बोटांवर दिवस मोजले, ते मला खालून बघावं लागणार होतं.

"तू जा," मी म्हणालो.

"एकटी?"

"जा गं."

ती गेली. माझा पिवळा रेनकोट घालून, बाह्या दुमडून. वर पोचल्यावर ती लोकांपासून लांब, एका खडकाजवळ उभी राहिली. मी गाडीत बसून बघत होतो. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, पाऊण तास झाला. पावसाची एक सर येऊन गेली तरी ती हलली नाही. मला आधी काळजी वाटली, मग कंटाळा आला, मग जरा रागही आला. शेवटी मला एवढंच सुचलं, की ही बाई दीड वर्षात पहिल्यांदा एकटी उभी आहे. मी शेगडी पेटवून चहा टाकला. वाकता येत नसल्यामुळे आलं किसायला वीस मिनिटं लागली, आणि चहा तीनदा उकळून काढ्यासारखा झाला.

ती आली तेव्हा गाल लाल झाले होते. चहाचा घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं आणि तरी संपवला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खूप."

परतीचा रस्ता फोनने उत्तर आयर्लंडमधून दाखवला, चार तासांचा. पण ते ब्रिटनकडे, म्हणजे दुसऱ्या देशात मोडतं. माझं आयरिश नागरिकत्व झालं होतं, तिचा पासपोर्ट अजून भारताचा होता आणि तिकडचा व्हिसा नव्हता. म्हणजे आलो तसंच स्लायगोपर्यंत खाली जाऊन मग देश आडवा कापत यायचं. मी हळहळलो. तिने मात्र आनंदाने गाडी लांबच्या रस्त्याला लावली. वाटेत मुलीचा फोन आला आणि तिने आईला आयरिश शाबासकी दिली. "मॅम इज ड्रायव्हिंग? फेअर प्ले टू हर! अँड व्हॉट्स बाबा डूइंग?" बायको म्हणाली, "बाबा मागे बसून आयर्लंडला टाटा करतायत."

नासला पोचून व्हॅन मालकाला परत केली. त्याने भोवती फिरून ती तपासली, कुंपणातली दोन वाळलेली फुलं वायपरमधून काढली आणि माझी पाठ थोपटून म्हणाला, एवढी सांभाळून कुणी आणत नाही, ड्रायव्हर चांगला दिसतोस. कमरेतून कळ गेली. मी बायकोकडे बोट दाखवलं. हे मी लगेच केलं असं मला लिहायला आवडलं असतं. मध्ये एक-दोन सेकंद गेले.

तिची अजून पाच दिवस रजा होती. माझं काम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं, म्हणजे घरात, म्हणजे जेवणाच्या टेबलावर. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी लॅपटॉप, चार शर्ट आणि शेकायची पिशवी बॅगेत भरली आणि लिक्सलिपला राहणाऱ्या मित्राला फोन केला, की पाच दिवस येऊ का. तो तिथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, नागपूरचा आहे, आणि नागपूरकराला पाहुणा नको म्हणता येत नाही. बायकोने मला पोचवलं. उतरताना म्हणाली, "फोन करू नकोस रे रोज."

मी दुसऱ्याच दिवशी केला. "काय करतेयस?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ठेव आता."

मित्राच्या बायकोला वाटलं, आमचं भांडण झालंय. पहिले दोन दिवस ती माझ्याशी हलक्या आवाजात बोलायची आणि पानात एक पोळी जास्त वाढायची. तिसऱ्या दिवशी मी खरं काय ते सांगितलं. तिच्याही घरात दीड वर्ष एक माणूस वरच्या खोलीतून "मी कॉलवर आहे!" असं ओरडत होता.

"पाच दिवस?" तिने विचारलं. "सलग?"

"सलग."

तिने मान वळवून माझ्या मित्राकडे पाहिलं. मित्राने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी नागपूरच्या माणसाच्या डोळ्यांत पूर्वी कधी पाहिली नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी आमची बेल वाजली. दारात लिक्सलिपचा मित्र उभा, एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात स्वतःची उशी. बायकोने त्याला आत घेतलं, चहा विचारला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वरची खोली आवरून दे त्यांना. आणि हो, तुम्ही दोघंही कॉल वरच घ्यायचे."